टीव्हीवर सिनेमा ताणलेला, कापलेला किंवा काळ्या चौकटीत अडकलेला दिसतोय? आधी वर्तुळ मोजा

टीव्हीवर सिनेमा लावला की ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. वरखाली काळ्या पट्ट्या येतात. माणसं बुटकी-जाडी किंवा उंच-काटकुळी दिसतात. डोकी आणि सबटायटल कापली जातात. किंवा चित्र मधोमध छोटंसं आणि चारही बाजूंनी काळं. बहुतेक जण रिमोटवरचं स्क्रीनच्या आकाराचं बटण दाबत राहतात आणि पडदा भरला की थांबतात. दुसऱ्या दिवशी चॅनल किंवा डिस्क बदलली की तक्रार परत हजर. असं होतं, कारण पडदा भरणं आणि चित्राचा आकार बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण फक्त पहिली साधतं.

इथे सगळीकडे एकच कसोटी वापरली आहे: गोल वस्तू गोल दिसते का? दिसत असेल आणि कडेचं काही कापलं जात नसेल, तर काळ्या पट्ट्या कितीही मोठ्या असोत, तुमचा टीव्ही ठीक चालला आहे.

कुठल्या पट्ट्या असायलाच हव्यात

आजचा टीव्ही १६:९ असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. सिनेमे मात्र वेगवेगळ्या आकारांत काढले गेले. १९३२ पासून हॉलिवूडमध्ये १.३७५ हे गुणोत्तर ठरलं आणि जुन्या टीव्हीचा ४:३, म्हणजे १.३३, हा आकार त्याच्या जवळचा होता. टीव्ही घरोघरी गेल्यावर थिएटरांना वेगळं काही दाखवायचं होतं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं आणि पडदा एकदम रुंद झाला. आज जे सिनेमे ‘स्कोप’ म्हणून ओळखले जातात ते साधारण २.३९ चे असतात (डिस्कच्या वेष्टनावर सवयीने २.३५ छापलेलं असतं), आणि ‘फ्लॅट’ म्हणतात ते १.८५ चे. युरोपात १.६६ खूप वापरलं गेलं. ७० मिमीच्या प्रिंट २.२० च्या, काही मोजके भव्य सिनेमे तर २.७६ चे. अलीकडच्या वेब मालिकांमध्ये २:१ बरंच दिसतं. १६:९ हा आकार या सगळ्यांमधली तडजोड म्हणून निवडला गेला, त्यामुळे तो सिनेमाच्या यांपैकी कुठल्याच आकाराशी तंतोतंत जुळत नाही.

आता आकडे. फुल एचडी पडदा १९२०×१०८० बिंदूंचा. त्यावर २.३९ चा सिनेमा पूर्ण रुंदीत बसवला तर त्याला सुमारे ८०३ ओळी लागतात, म्हणजे वर आणि खाली प्रत्येकी साधारण १३८ ओळी काळ्या. २:१ ला प्रत्येकी ६०. १.८५ ला जेमतेम २१, बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाहीत. २.७६ ला प्रत्येकी १९२. उलट, ४:३ चा कार्यक्रम १४४० बिंदू रुंद, म्हणून डावी-उजवीकडे प्रत्येकी २४० बिंदू काळे. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५.२ सेंमी आणि उंची ५३.५ सेंमी. त्यावर स्कोप सिनेमाचं चित्र ३९.८ सेंमी उंच येतं आणि प्रत्येक पट्टी जवळपास ७ सेंमीची. टेप लावून हे माप आलं, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

‘फुल स्क्रीन’ हा शब्द फार फसवतो. डीव्हीडीच्या वेष्टनावर तो ४:३ च्या टीव्हीसाठी छापला जायचा. ती डिस्क १६:९ टीव्हीवर लावली की उलट बाजूंना पट्ट्या येतात. शिवाय ते चित्र पूर्ण असेलच असं नाही. २.३९ च्या सिनेमातून ४:३ चा तुकडा काढला की रुंदीतला जेमतेम ५६ टक्के भाग उरतो. संभाषणात एकाचं फक्त नाक किंवा खांदा कडेला दिसतो, किंवा मूळ कॅमेरा स्थिर असताना चौकट डावीकडून उजवीकडे सरकवलेली कळते. याला पॅन अँड स्कॅन म्हणतात, आणि गेलेला भाग कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. दुसरी प्रत शोधणं हाच उपाय. १.८५ च्या काही सिनेमांचं मात्र वेगळं असतं. फिल्मवर वरखाली जास्तीचं चित्र टिपलेलं असतं आणि थिएटरात ते झाकलं जातं. त्यांच्या ४:३ प्रतीत कमी नाही, जास्त दिसतं. म्हणूनच अशा प्रतींत कधीकधी वरून लोंबणारा मायक्रोफोन चौकटीत येतो. जास्त दिसतं म्हणून ते बरोबर, असं नाही. दिग्दर्शकाने आणि छायालेखकाने बांधलेली चौकट ती नव्हे.

वर्तुळाची चाचणी

संगणकावरच्या कुठल्याही चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये १९२०×१०८० आकाराचं चित्र तयार करा. मधोमध ८०० बिंदू व्यासाचं वर्तुळ काढा आणि चारही कडांना अगदी टोकाशी एका बिंदूची पांढरी रेघ द्या. हे चित्र त्याच वाटेने टीव्हीवर आणा, ज्या वाटेने सिनेमा येतो. लॅपटॉपवरून सिनेमा बघत असाल तर लॅपटॉपवरूनच, त्याच एचडीएमआय पोर्टात. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून चाचणी केली तर फक्त टीव्हीचा स्वतःचा प्लेअर तपासला जातो, सेट-टॉप बॉक्सची वाट तशीच राहते. जिथे स्वतःचं चित्र पाठवता येत नाही (केबल, डिश, डीव्हीडी), तिथे समोरून दाखवलेलं भिंतीवरचं घड्याळ, बाजूने दिसणारं गाडीचं चाक किंवा पूर्ण चंद्र आला की पॉज करा.

पॅनलवर टेप दाबू नका. कागदाची पट्टी पडद्यासमोर किंचित अंतरावर धरून खुणा करा आणि मग मोजा. ४३ इंची टीव्हीवर ८०० बिंदूंचं वर्तुळ रुंदीला आणि उंचीलाही ३९.७ सेंमी यायला हवं. रुंदीला उंचीने भागा. जो आकडा येईल तोच दोष कुठे आहे ते सांगतो.

१.३३ आला, म्हणजे उंची ३९.७ आणि रुंदी ५२.९, तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं गेलंय. ०.७५ आला तर नेमकं उलट: १६:९ चं चित्र ४:३ मध्ये चेपलंय. १.१३, ०.९४, ०.८४ किंवा ०.७० असा विचित्र आकडा आला तर फाइलमधली आकाराची नोंद हरवली आहे, त्याबद्दल पुढे. वर्तुळ गोलच आहे पण दोन्ही बाजूंनी मोठं, समजा ४०.९ सेंमी, आणि कडेची पांढरी रेघ गायब, तर ओव्हरस्कॅन चालू आहे, म्हणजे टीव्ही चित्र मोठं करून कडा कापतोय. गोल आहे पण थेट ५२.९ सेंमीचं, तर झूम. मधे जवळपास गोल पण तेच वर्तुळ कडेला नेल्यावर आडवं पसरतं, तर पॅनोरमा किंवा वाइड झूमसारखा मोड लागलाय. हा मोड मधला भाग कमी आणि कडा जास्त ताणतो. स्थिर दृश्यात खपून जातो, पण कॅमेरा फिरला की माणूस कडेला जाताना फुगतो आणि मधे आल्यावर बारीक होतो.

वरखाली पट्ट्या आहेत आणि माणसंही जाडी दिसतात, अशा वेळी मधल्या चित्राची रुंदी आणि उंची मोजून पाहा. रुंदी उंचीच्या तिप्पटीहून जास्त भरली, तर पट्ट्यांसकट बनवलेलं ४:३ चं चित्र नंतर ताणलं गेलंय. २.३५ ला १.३३ ने गुणलं की ३.१३ येतात. इतका रुंद सिनेमा सहसा कोणी काढत नाही.

आकार बदलायचं काम एकाच यंत्राकडे द्या

चित्र तुमच्यापर्यंत येताना आकार बदलणारी किमान तीन ठिकाणं असतात: मूळ फाइल, डिस्क किंवा प्रक्षेपण, मग प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स, आणि शेवटी टीव्ही. तक्रार वारंवार येते ती बहुतेक वेळा यातली दोन यंत्रं एकमेकांची चूक झाकत असतात म्हणून. बॉक्स ४:३ चं चित्र ताणतो, तुम्ही टीव्ही ४:३ वर टाकून ते परत चेपता, माणसं नीट दिसतात. मग एचडी चॅनल लागतं आणि सगळे काटकुळे होतात. म्हणून टीव्ही एकदा तटस्थ करायचा, त्याला परत हात लावायचा नाही, आणि आकार सांभाळायचं काम प्लेअर किंवा बॉक्सकडे सोपवायचं. क्रम महत्त्वाचा आहे, टीव्हीपासूनच सुरुवात करा.

टीव्ही तटस्थ कसा करायचा

पिक्चर साइझ किंवा अ‍ॅस्पेक्ट रेशो १६:९ वर ठेवा आणि ओव्हरस्कॅन बंद करा. ओव्हरस्कॅन हा जुन्या पिक्चर ट्यूबचा वारसा. ट्यूबच्या कडा वाकड्या आणि अस्थिर असायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलल्या जायच्या. पॅनलच्या टीव्हीला याची गरज नाही, तरी अनेक टीव्ही कारखान्यातून तसेच येतात आणि प्रत्येक बाजूने काही टक्के चित्र खातात. नुकसान कडेपुरतं नसतं. १९२० बिंदूंचं चित्र ताणून पुन्हा १९२० बिंदूंत बसवल्याने बारीक अक्षरं आणि जाळीदार कापड सगळीकडेच किंचित मऊ दिसतं.

हे सेटिंग ‘ओव्हरस्कॅन’ या नावाने क्वचितच सापडतं. सॅमसंगमध्ये पिक्चर साइझ सेटिंग्जमध्ये ‘१६:९ स्टँडर्ड’ आणि त्याखाली ‘फिट टू स्क्रीन’ चालू करा. एलजीमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशो १६:९ आणि ‘जस्ट स्कॅन’ चालू. सोनीमध्ये वाइड मोड ‘फुल’, डिस्प्ले एरिया ‘फुल पिक्सेल’ आणि ‘ऑटो वाइड’ बंद. पॅनासॉनिकमध्ये ‘१६:९ ओव्हरस्कॅन’ असं सरळ नाव असतं, ते बंद. मॉडेलनुसार मेनूची जागा बदलते. पर्याय फिकट दिसत असेल, निवडता येत नसेल, तर बहुधा येणारं चित्र एसडी (एचडीच्या आधीचं, कमी ओळींचं) आहे किंवा टीव्हीमधलंच अ‍ॅप चालू आहे. इतर टीव्हींमध्ये कुठेच काही सापडलं नाही, तर त्या एचडीएमआय पोर्टाला इनपुटच्या यादीत ‘पीसी’ असं नाव देऊन पाहा. बरेच टीव्ही हे नाव दिसलं की ओव्हरस्कॅन आपोआप बंद करतात. पण मग रंगाचे आणि हालचालीचे काही पर्यायही बदलतात, ते एकदा तपासा.

कडेची पांढरी रेघ चारही बाजूंनी दिसली की टीव्हीचं काम झालं. सर्व्हिस मेनूमध्ये शिरून चित्राची रुंदी-उंची बदलू नका. तिथले आकडे सगळ्या इनपुटांना लागू होऊ शकतात आणि मूळ नोंद नसेल तर परतीची वाट राहत नाही.

सेट-टॉप बॉक्स

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. बॉक्सच्या मेनूत तीन वेगळी सेटिंग असतात आणि लोक त्यातलं एकच बदलतात. पहिलं टीव्हीचा आकार: ४:३ की १६:९. दुसरं, आकार जुळत नसेल तेव्हा काय करायचं: लेटरबॉक्स (वरखाली पट्ट्या), पिलरबॉक्स (बाजूंना पट्ट्या), फुल स्क्रीन, पॅन स्कॅन, अशी नावं. तिसरं रिझोल्यूशन: ५७६, ७२०, १०८० किंवा ‘ओरिजिनल’.

जुन्या ट्यूबच्या टीव्हीवरून आलेला बॉक्स नव्या टीव्हीला लावला की पहिलं सेटिंग ४:३ वरच राहिलेलं असतं. मग बॉक्स एचडी चित्राला पट्ट्या जोडून ४:३ करतो आणि टीव्ही ते ताणतो. वर सांगितलेले ३.१३ येतात ते इथूनच. म्हणून टीव्हीचा आकार १६:९, रिझोल्यूशन १०८० वर पक्कं आणि दुसरं सेटिंग पिलरबॉक्स ठेवा. ते नाव नसेल तर ‘नॉर्मल’, ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ यांपैकी ज्यात ४:३ च्या चॅनलला बाजूंना पट्ट्या येतात तो पर्याय.

पिलरबॉक्स बॉक्सलाच का करायला लावायचं? बॉक्स १०८० पाठवतो तेव्हा टीव्हीला प्रत्येक चित्र १६:९ चंच मिळतं. आत ४:३ चा जुना सिनेमा आहे की नवा, हे टीव्हीला कळायचा मार्ग उरत नाही. ते फक्त बॉक्सला कळतं, कारण प्रक्षेपणासोबत येणारी आकाराची नोंद तोच वाचतो.

सगळं नीट लावूनही एखाद्या चॅनलवर माणसं जाडी दिसली तर चॅनलचा लोगो आणि खालची बातमीपट्टी बघा. लोगो गोल आहे, अक्षरं नीट आहेत, पण सिनेमातली माणसं ताणलेली, तर चॅनलनेच जुनं चित्र ताणून पाठवलंय. घरातलं एकही सेटिंग चुकलेलं नाही. टीव्ही करू देत असेल तर तेवढ्या सिनेमापुरता तो ४:३ वर टाका आणि संपल्यावर परत १६:९ करा. लोगोसुद्धा चपटा दिसत असेल तर दोष घरात आहे.

चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत असेल, तर चॅनलने रुंद सिनेमा पट्ट्यांसकट ४:३ मध्ये पाठवलाय आणि बॉक्सने त्याला बाजूच्या पट्ट्या जोडल्यात. रिमोटचं झूम खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते इथे. १.३३ पट झूममध्ये फक्त काळं बाहेर जातं, चित्र नाही. मात्र बातमीपट्टी पट्टीच्या जागेत असेल तर ती जाईल.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीवर आकाराची नोंद भरवशाने पोचत नाही. पाल पद्धतीत (भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) ती २३ व्या ओळीत दडवलेली असते, पण टीव्ही ती वाचेलच असं नाही. स्कार्ट (युरोपातली जुनी अनेक पिनांची) वायरीत हेच काम आठव्या पिनेवरचा विद्युतदाब करतो: ४.५ ते ७ व्होल्ट म्हणजे १६:९, ९.५ ते १२ व्होल्ट म्हणजे ४:३. एचडीएमआयमध्ये ही माहिती डेटासोबत जाते. बॉक्सला एचडीएमआय असेल तर पिवळी पिन वापरायचं काही कारण नाही.

डीव्हीडी

डीव्हीडीवर सिनेमाचं चित्र सहसा ७२०×५७६ (पाल) किंवा ७२०×४८० (एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धत) बिंदूंचंच असतं, सिनेमा ४:३ असो की १६:९. हे बिंदू चौरस नसतात. किती ताणायचं याची एक नोंद डिस्कवर असते आणि प्लेअर ती वाचतो. वेष्टनावर ‘अ‍ॅनामॉर्फिक’ किंवा ‘१६:९ साठी सुधारित’ लिहिलं असेल तर डिस्क रुंद टीव्हीसाठी बनवली आहे. नुसतं ‘लेटरबॉक्स’ किंवा ‘वाइडस्क्रीन’ असेल तर पट्ट्या चित्रातच भाजलेल्या, म्हणजे चित्राचाच भाग झालेल्या, असू शकतात. फरक मोठा आहे. २.३५ च्या सिनेमाला पालच्या ५७६ ओळींतून अ‍ॅनामॉर्फिक डिस्कवर ४३६ ओळी मिळतात, पट्ट्या भाजलेल्या डिस्कवर ३२७. झूम करून आकार सारखा करता येतो, हरवलेल्या ओळी नाही. व्हीसीडीला तर १६:९ ची सोयच नाही, तिथे झूमशिवाय इलाज नाही.

प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘टीव्ही डिस्प्ले’ शोधा. पर्याय असतात ४:३ पीएस, ४:३ एलबी आणि १६:९. पीएस म्हणजे पॅन अँड स्कॅन, एलबी म्हणजे लेटरबॉक्स. रुंद टीव्हीला १६:९, जुन्या ट्यूबच्या टीव्हीला ४:३ एलबी. ट्यूबच्या टीव्हीला १६:९ दिलं तर ०.७५ येतात आणि सगळी माणसं उंच होतात. रुंद टीव्हीला ४:३ एलबी दिलं तर नाहक काळी चौकट. डिस्क चालू असताना हा पर्याय अनेक प्लेअर बदलू देत नाहीत. स्टॉप दोनदा दाबा, म्हणजे ‘इथून पुढे’ची आठवण पुसली जाते, आणि मग सेटअप उघडा.

एक अडचण हमखास येते. प्लेअर एचडीएमआयवरून १०८० वर चढवून पाठवतो, १६:९ लावलंय, तरी ४:३ च्या डिस्क ताणलेल्या दिसतात आणि टीव्ही १०८० वर ४:३ करू देत नाही. प्लेअरमध्ये ‘वाइड स्क्वीझ’, ‘१६:९ पिलरबॉक्स’ किंवा ‘१६:९ नॉर्मल’ असा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर प्लेअरचं रिझोल्यूशन ५७६पी किंवा ४८०पी वर आणा. तेव्हा टीव्हीचे आकाराचे पर्याय मोकळे होतात. हा दुसरा उपाय तटस्थ टीव्हीचा नियम मोडतो, पण फक्त त्या इनपुटपुरता, म्हणून चालतो.

फाइल, पेनड्राइव्ह, संगणक

डीव्हीडीवरून केलेल्या फाइलमध्ये आकाराची नोंद हरवली की विचित्र आकडे येतात. प्लेअर बिंदू चौरस धरतो. मग ७२०×४८० ची ४:३ फाइल १.१३ पट जाडी होते, ७२०×५७६ ची ४:३ फाइल ०.९४ म्हणजे किंचित बारीक, एनटीएससी १६:९ ची ०.८४ आणि पाल १६:९ ची ०.७०. जुन्या एव्हीआय फाइलमध्ये ही नोंद बहुधा नसतेच.

संगणकावर व्हीएलसी वापरत असाल तर ‘ए’ची कळ दाबून अ‍ॅस्पेक्ट रेशो बदलता येतो आणि ‘सी’ने क्रॉप. दोन्हींत गल्लत करू नका. ‘ए’ चित्र ताणतं किंवा चेपतं, ‘सी’ कडा कापतं. भाजलेल्या पट्ट्या घालवायच्या असतील तर ‘सी’. कायमची दुरुस्ती हवी असेल आणि फाइल एमकेव्ही असेल, तर एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रोग्रॅममधला हेडर एडिटर उघडा, व्हिडिओ ट्रॅकमध्ये डिस्प्लेची रुंदी आणि उंची भरा: पाल १६:९ ला १०२४ आणि ५७६, पाल ४:३ ला ७६८ आणि ५७६, एनटीएससी १६:९ ला ८५४ आणि ४८०, एनटीएससी ४:३ ला ६४० आणि ४८०. सेव्ह करा. फक्त नोंद बदलते, चित्र परत एन्कोड होत नाही, म्हणून दर्जा तसाच राहतो. आधी प्रत मात्र काढून ठेवा. आणि टीव्हीमधला प्लेअर ही नोंद वाचतच नसेल तर ती फाइल टीव्हीऐवजी संगणकावरून किंवा वेगळ्या मीडिया प्लेअरवरून लावा.

लॅपटॉपचा पडदा अनेकदा १६:१० असतो. डुप्लिकेट मोडमध्ये तो स्वतःचाच आकार टीव्हीवर लादतो. ‘फक्त दुसरा पडदा’ निवडा आणि टीव्हीला १९२०×१०८० द्या. एएमडीच्या कार्डावर चारही बाजूंनी काळी कड राहिली तर एचडीएमआय स्केलिंगची पट्टी शून्यावर सरकवा. मोबाइलचं स्क्रीन मिररिंग केलं तर फोनचा लांबट पडदा जसाच्या तसा येतो, पट्ट्यांसकट. अ‍ॅपमधलं कास्टचं बटण वापरलं तर टीव्ही मूळ चित्र स्वतः घेतो आणि ही अडचण उरत नाही.

तेच सेटिंग पुन्हा पुन्हा का उडतं

टीव्ही आकाराचं सेटिंग एकच ठेवत नाही. बरेच टीव्ही ते प्रत्येक इनपुटसाठी वेगळं ठेवतात, त्यातही एसडी आणि एचडीसाठी वेगळं. बॉक्सचं रिझोल्यूशन ‘ओरिजिनल’ असेल तर प्रत्येक चॅनलला संकेत बदलतो आणि टीव्ही दर वेळी वेगळ्या कप्प्यातलं सेटिंग उचलतो. तुम्हाला वाटतं सेटिंग उडालं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या कप्प्यात शाबूत असतं. बॉक्स १०८० वर पक्का केला की बऱ्याच तक्रारी इथेच थांबतात.

त्यानंतर टीव्हीचे ‘ऑटो’ पर्याय बंद करा. ऑटो वाइडसारखी सोय काळ्या कडा ओळखून स्वतःच झूम करते, आणि अंधाऱ्या दृश्यात फसते. रात्रीच्या प्रसंगात चित्र अचानक मोठं झालं आणि उजेडात परत लहान झालं, तर कारण हेच. टीव्ही दुकानातल्या मांडणीच्या मोडवर असेल तर सेटिंग काही वेळाने आपोआप मूळ जागी जातात. सेटअपमध्ये ‘होम’ मोड निवडा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर एकदा पांढऱ्या रेघेचं चित्र लावून बघावं.

आणि हे लक्षात असू द्या: काही सिनेमांत आयमॅक्सने टिपलेले प्रसंग आले की पट्ट्या मधेच नाहीशा होतात आणि नंतर परत येतात. तो सिनेमाच तसा बनवलेला असतो. घाबरून सेटिंग बदललं तर पुढचे सगळे प्रसंग बिघडतील.

पट्ट्या सहनच होत नसतील तर

२.३९ चा सिनेमा झूम करून पडदा भरला तर रुंदीतला २५.६ टक्के भाग जातो, म्हणजे चौकटीचा पाव हिस्सा. ताणण्यापेक्षा हे बरं, निदान चेहरे खरे राहतात. पण सबटायटल कुठे आहेत ते आधी पाहा. काही प्लेअर ती खालच्या काळ्या पट्टीत लिहितात आणि झूममध्ये ती पूर्ण जातात. प्लेअरमध्ये सबटायटलची जागा वर सरकवता येत असेल तर सरकवा.

बहुतेकांना खरं तर पट्टी खुपत नाही, तिचा राखाडीपणा खुपतो. एलसीडी टीव्हीमध्ये मागचा दिवा पूर्ण विझत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळं राखाडी दिसतं. बॅकलाइट कमी करा, लोकल डिमिंग (अंधाऱ्या भागामागचा दिवा वेगळा मंद करणारी सोय) असेल तर चालू करा, आणि टीव्हीच्या मागच्या भिंतीवर ६५०० केल्विनचा मंद पांढरा दिवा लावा. डोळ्याला तुलनेला उजेड मिळाला की पट्टी काळी वाटते.

ओएलईडीवर पट्टी खरोखरच काळी असते, कारण तिथले बिंदू विझलेले असतात. रोज तासन्‌तास फक्त ४:३ चेच कार्यक्रम चालत असतील तर मधले बिंदू कडेच्या बिंदूंपेक्षा जास्त झिजतात आणि पुढे सीमारेषा दिसू शकते. अधूनमधून स्कोप सिनेमा बघणाऱ्याला काळजी नको. जुन्या प्लाझ्मावर मात्र पट्ट्यांचा ठसा लवकर बसतो. तिथे ४:३ आणि पूर्ण पडद्याचे कार्यक्रम आलटून पालटून लावा, आणि बाजूच्या पट्ट्या राखाडी करायचा पर्याय असेल तर तो वापरा.